बॅटरी उतरलेली गाडी जम्प स्टार्ट करताना शेवटचा काळा चिमटा कुठे लावता?

पाऊलवाट

गेल्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते इथे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लांबलचक होईल, पण कृपा करून पूर्ण वाचा.

गाडी जवळपास तीन आठवडे जागची हलली नव्हती. सेल्फ मारला तर नुसतं कट-कट-कट. मीटरवरचे दिवे मंद होत होत विझले. बाबांनी रात्री घरचा चार्जर लावला आणि बॉनेट वरून टेकवून ठेवलं. सकाळी चार्जर काढला, तरी सेल्फ फिरेना. शेजारचे काका आपली गाडी घेऊन जम्प द्यायला आले, म्हणजे त्यांच्या बॅटरीची वीज चिमट्यांच्या लाल-काळ्या केबलींनी आमच्या गाडीला देऊन ती चालू करायची. मनाने अतिशय चांगला माणूस. त्यांनी भराभर तीन चिमटे लावले आणि चौथा, म्हणजे काळा, सरळ आमच्या बॅटरीच्या मायनसवर टेकवला. त्यांची गाडी चालूच होती. बाबा नेमके त्याच वेळी बॅटरीवर वाकून आतलं पाणी किती आहे ते बघत होते.

आधी निळसर ठिणगी दिसली आणि लगेच टायर फुटावा तसा आवाज झाला. बॅटरीच्या वरची दोन बुचं उडाली आणि झाकणाचा एक तुकडा बॉनेटच्या आतल्या बाजूवर आपटला. ॲसिडचे शिंतोडे बाबांच्या बाहीवर, गालावर आणि चष्म्याच्या काचांवर. रोजचा साधा चष्मा डोळ्यांवर होता म्हणून डोळे वाचले. मी त्यांना नळाखाली बसवलं आणि वीस मिनिटं चेहऱ्यावरून पाणी सोडलं. गालावर लाल चट्टा आला, तो आता उतरलाय. शर्ट त्या दिवशी धड दिसत होता. धुतल्यावर मात्र बाहीची चाळण झाली. ती भोकं मोजताना माझे हात थरथरत होते.

त्यानंतर मी गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं आणि एका ओळखीच्या मेकॅनिककाकांकडून सगळं समजून घेतलं. एक गोष्ट मनात ठसली: शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर लावायचा नाही. तो त्याच गाडीच्या इंजिनच्या जाड, रंग नसलेल्या धातूवर लावायचा, बॅटरीपासून निदान हात-दीड हात लांब. शेवटची जोडणी केली की ठिणगी उडणारच. ती कुठे उडू द्यायची एवढंच आपल्या हातात असतं.

आता क्रम सांगते. दोन्ही गाड्या जवळ आणा पण एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन्ही बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला किंवा पार्कला. दिवे, पंखा, रेडिओ बंद. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल वायरचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं उरलेलं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवर. वायरी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या वाटेत येत नाहीत ना ते बघा. मग चांगली गाडी चालू करा, चार-पाच मिनिटं तशीच चालू द्या, आणि मगच दुसरीचा सेल्फ मारा. काढताना बरोबर उलटं: पहिला सुटतो तो इंजिनवरचा काळा.

लाल चिमटा एका बॅटरीला लागला की त्याचं मोकळं टोक जिवंत असतं. ते हातातून निसटून बॉडीला टेकता कामा नये. घड्याळ, अंगठी, बांगडी आधी काढून ठेवा.

तुमच्याकडे कसं करतात? माझं काही चुकत असेल तर सांगा. मला हे पक्कं माहीत करून घ्यायचंय.


प्रयोगवही

पाऊलवाट, बाबा सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. रसायनशास्त्र शिकवते, म्हणून तो स्फोट कशाचा होता ते सांगते.

गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी ही बॅटरी बनवली, आणि आतलं मूळ रसायन आजही तेच आहे. चार्ज होताना, विशेषतः चार्ज पुरा होत आला किंवा जास्त झाला की, आतल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. म्हणजे जाळणारा आणि जळणारा दोघेही एकाच डब्यात.

हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो. इतका मोठा पल्ला फार थोड्या वायूंचा आहे. त्याला पेटायला लागणारी ऊर्जाही अगदी नगण्य, एका मिलिज्यूलचा पन्नासावा भाग. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ठिणगीसुद्धा पुरते. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे तो तिथे आहे हे कळायला काही मार्गच नाही. तुमच्या बाबांनी रात्रभर चार्जर लावला होता, वर बॉनेट टेकवलेलं होतं. बुचांखाली आणि आसपास वायू साठून राहिला आणि सकाळी ठिणगी नेमकी त्याच्या तोंडाशी उडाली.

हायड्रोजन हलका असतो, मोकळ्या हवेत झटकन वर निघून जातो. म्हणून रात्री चार्जर लावायचाच असेल तर बॉनेट सताड उघडं आणि जागा हवेशीर हवी. आधी चार्जरचं बटण बंद करायचं, मग चिमटे काढायचे. जम्प देण्यापूर्वीही बॉनेट उघडून पाच मिनिटं थांबा.

आणखी एक. बॅटरीजवळ सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर त्या बॅटरीला हात लावू नका. आत काहीतरी बिघडून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतोय. डबा फुगलेला, तडकलेला, झिरपणारा दिसला तरीही जम्प द्यायचा विचार सोडून द्या.


लांबपल्ला

घडलं ते वाईट झालं. पण मी वीस वर्षं गाडी चालवतोय, रस्त्यात कित्येकांना जम्प दिलाय, चारही चिमटे थेट बॅटरीला लावलेत आणि एकदाही काही झालं नाही. घाईच्या वेळी रंग नसलेला धातू शोधत कोण बसणार? नव्या गाड्यांत तर इंजिनवर सगळीकडे प्लास्टिकचं झाकण. बॅटरीच्या मायनसवर पकड चांगली बसते, करंटही जास्त जातो. उगाच लोकांच्या मनात भीती बसू नये म्हणून लिहितोय.


प्रयोगवही

लांबपल्ला, तुमचा अनुभव खरा आहे. वायू साठलेला नसेल तर ठिणगी उडून विरून जाते, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. पण वायू साठलाय की नाही हे त्या क्षणी कुणालाच दिसत नाही. आपण ओणवे असतो, तोंड बॅटरीच्या वीतभर वर असतं. चिमटा हातभर लांब लावायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांवर डोळे राखले जात असतील तर मी ते प्रत्येक वेळी देईन.


तांब्याचीतार

गाड्यांच्या वायरिंगचं काम करत आयुष्य गेलं. लांबपल्ला म्हणतात त्यातली एक गोष्ट बरोबर आहे: पकड वाईट असेल तर करंट जात नाही. पण त्यासाठी बॅटरीच गाठायची गरज नाही. इंजिनच्या ब्लॉकला बॅटरीच्या मायनसपासून आलेली जाड अर्थ पट्टी जोडलेली असते, आणि सेल्फची मोटर त्याच इंजिनवर बसलेली असते. इंजिनवर चिमटा लावला तर करंट सरळ सेल्फपाशी पोचतो, मधले गंजलेले टर्मिनलसुद्धा चुकतात. थेट लावण्यापेक्षा कित्येकदा हेच चांगलं चालतं.

जागा कुठली? इंजिन उचलायचा लोखंडी हुक, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र) ज्या ब्रॅकेटवर बसतो तो जाड तुकडा, इंजिनच्या माउंटिंगचा मोठा बोल्ट. पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटर किंवा इंजेक्टरची पट्टी, ब्रेकची नळी, पातळ पत्रा, रंगवलेला भाग यांना चिमटा लावायचा नाही. पुष्कळ गाड्यांत कंपनीनेच बॉनेटखाली खास अर्थचा खुंट दिलेला असतो, मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र असतं. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असली तर पुढे लाल टोपीखाली प्लसचा खुंट ठेवलेला असतो, तो वापरायचा.

आता केबलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माणसं इथे फसतात. केबल जाड दिसते म्हणजे आतलं तांबं जाड असतं असं नाही. पुष्कळ केबलींत रबर बोटभर आणि आत केसांसारख्या चार तारा, त्याही ॲल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा. चिमट्याचं हँडल सरकवून तार जिथे दाबून बसवलेली असते तिथे बघा, खरं काय ते तिथेच कळतं. नखाने किंवा ब्लेडने तार खरवडली आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही.

हिशोब करून दाखवतो. सेल्फ फिरताना छोट्या पेट्रोल गाडीला दीडशे अँपिअर सहज लागतात. तीन मीटरच्या दोन वायरी, म्हणजे जायची यायची वाट सहा मीटर. तांबं १६ चौरस मिलिमीटरचं असेल तर त्या वाटेत साधारण एक व्होल्ट खर्च होतो. चालेल. २५ चौरस मिलिमीटरची असेल तर पाऊण व्होल्टही जात नाही. पण आतलं तांबं ४ चौरस मिलिमीटरचं असेल तर जवळपास चार व्होल्ट वायरच गिळते आणि उतरलेल्या गाडीच्या वाट्याला आठ-नऊ उरतात. सेल्फ कण्हतो, वायर हाताला चटका देते, आणि माणूस म्हणतो की बॅटरी मेली. छोट्या पेट्रोल गाडीला १६, मोठ्या इंजिनाला आणि डिझेलला २५. त्याहून पातळ केबल गाडीत ठेवूच नका. लांबीही लागेल तेवढीच घ्या, जास्तीची लांबी व्होल्ट खाते.

काकांची गाडी चालू असताना त्यांनी चौथा चिमटा लावला, तीही चूक. चालू गाडीचा अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देत असतो आणि समोर उतरलेली बॅटरी, म्हणून ठिणगी मोठी उडते. जोडणी होईपर्यंत दोन्ही गाड्या बंदच हव्यात.


निळाई

माझे खूप प्रश्न आहेत, नवी गाडी घेतलीय आणि एकटी लांबचा प्रवास करते. सेल्फचा आवाज कसा आला म्हणजे बॅटरीच उतरलीय हे समजायचं? माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, धक्का मारून चालू होईल का? मैत्रिणीची हायब्रिड आहे, तिच्या गाडीवरून जम्प घेतला तर चालेल का? आणि ट्रकवाले दादा मदतीला थांबले तर त्यांच्या बॅटरीवरून घ्यायचा का?


तांब्याचीतार

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात धोका सर्वांत मोठा आहे. पुष्कळ ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. त्यावरून १२ व्होल्टच्या गाडीला जम्प दिला तर गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं, बॅटरी फुटूही शकते. नम्रपणे नाही म्हणा.

आवाजाचं असं आहे. भराभर कट-कट-कट आणि दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोरदार टक् आणि दिवे झगझगीत, तर सेल्फची मोटर किंवा तिचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट सोडणारा स्विच, बघावा लागेल, जम्प देऊन काही होणार नाही. सेल्फ मजेत फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा दोष नाहीच, इंधन किंवा इग्निशनकडे बघा. आणि केबल काढण्याआधी टर्मिनल हाताने हलवून बघा. पांढरी-हिरवी भुकटी साचून टर्मिनल सैल झालेलं असतं, ते फिरवून घट्ट केलं आणि गाडी चालू झाली असं मी शेकडो वेळा पाहिलंय. भुकटी नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, पाणी बुचांतून आत जाऊ द्यायचं नाही.

ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला तेलाचा दाब तयारच होत नाही, मग चाकं इंजिनला फिरवणार कशी? गिअरवाल्या गाडीलाही बॅटरी ठार उतरली असेल तर धक्का कामाचा नाही, कारण इंधनाचा पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांना वीज लागतेच. शिवाय धक्का मारताना न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होऊ शकतो.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर पुष्कळ गाड्यांत ती जम्पने जागी करता येते, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खुंटांवरूनच. पण त्या गाड्यांवरून दुसऱ्याला जम्प द्यायला बऱ्याच कंपन्यांची सक्त मनाई आहे. मैत्रिणीचं मॅन्युअल उघडून बघा. नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसल्या तर त्यांना कुणीही, काहीही झालं तरी, हात लावायचा नाही. त्या मोठ्या व्होल्टेजच्या आहेत.


लांबपल्ला

तांब्याचीतार, इंजिनच्या अर्थचा मुद्दा पटला. सेल्फ इंजिनवर बसलेला असतो म्हणून करंट तिथे थेट पोचतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढच्या वेळी तसंच लावेन.

एक विचारतो. स्टार्ट-स्टॉप असलेल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत मायनसवर एक छोटा चौकोनी डबा असतो, तो काय असतो?


तांब्याचीतार

तो बॅटरीचा सेन्सर. बॅटरीतून किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला ते तो मोजतो. चिमटा थेट मायनसच्या खुंटावर लावला तर जम्पचा करंट सेन्सरला वळसा घालून आत जातो आणि गाडीचा हिशोब चुकतो. म्हणून तुमच्या गाडीसाठी इंजिनवरचा अर्थ दुप्पट महत्त्वाचा. अशा गाडीची बॅटरी बदलतानाही त्याच जातीची, एजीएम किंवा ईएफबी (अशा गाड्यांसाठीच्या बॅटरीचे दोन प्रकार), घालावी लागते. साधी घातली तर लवकर निकामी होते.


किल्ली

चालू झाल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही, तिथेच माझी फजिती झाली होती. जम्पने गाडी चालू केली, पाच मिनिटं चालवली, दुकानापुढे बंद केली आणि परत तीच कट-कट. त्या दिवशी लहान मूल सोबत होतं, ऊन होतं, आणि मला रडू आवरेना.

आता मी काय करते ते सांगते. गाडी चालू झाली की केबल काढायच्या आधी उतरलेल्या गाडीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावते. केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळतं, ते या दोघांत मुरतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. हेडलाइट मात्र लावत नाही, बल्ब जाऊ शकतात. केबल निघाल्या की पंखा आणि हीटर बंद, आणि मग निदान अर्धा-पाऊण तास न थांबता गाडी चालवायची. तेवढ्याने बॅटरी भरते असं नाही, पुढचा सेल्फ मारता येईल एवढी ताकद येते. पूर्ण भरायला चार्जरवर रात्र काढावी लागते. बॅटरी पूर्ण रिकामी करून अल्टरनेटरच्या भरवशावर सोडली तर अल्टरनेटरही तापतो.


प्रयोगवही

किल्ली यांच्याशी पूर्ण सहमत. उतरलेल्या बॅटरीत पट्ट्यांवर लेड सल्फेट जमा होतं. ते ताजं असताना चार्ज केलं तर परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी. म्हणून बॅटरी उतरली की त्याच दिवशी नीट चार्ज करा, रविवारवर ढकलू नका.

साधा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी बंद करून काही तास झाले की खुंटांवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. चालू इंजिनवरही १२.५ च दिसत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर भरतच नाहीये.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशालाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र ते जवळपास पाणीच होतं आणि उणे १० च्या आसपास गोठू शकतं. गोठलेल्या बॅटरीला कधीही जम्प देऊ नका, चार्जरही लावू नका. ती फुटते.


निळाई

तीन आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरते म्हणजे काहीतरी बिघाड आहे का? पाऊलवाट यांच्या गाडीत तेच झालं ना?


तांब्याचीतार

बिघाड असेलच असं नाही. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची स्मृती यांसाठी थोडा करंट पीत राहते. ५० मिलीअँपिअर असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत पंचवीस. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त गेलं. बॅटरी चार वर्षांची जुनी असेल तर तिची खरी साठवणच ३० उरलेली असते, मग संपलंच. त्यात डॅशकॅम पार्किंगमध्ये चालू राहिला तर आठवडाही निघत नाही. हेडलाइट चालू राहिले तर मात्र दोन बल्बचे ११० वॉट, म्हणजे नऊ अँपिअर. चार-पाच तासांत खेळ खलास.

लांबच्या मुक्कामाला जाताना मायनसचं टर्मिनल सोडून ठेवा. सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही. फक्त रेडिओचा कोड माहीत असू द्या आणि डिकीची चावी आत अडकवून बसू नका.


निळाई

आणि ते हातात मावणारे जम्प स्टार्टर मिळतात ते खरंच चालतात का? दुसरी गाडी शोधायला नको म्हणून घ्यावासा वाटतो.


किल्ली

चालतात ताई, मी एकटी फिरते म्हणून तोच ठेवते. चिमट्यांत उलट जोडणी ओळखणारी यंत्रणा असेल तोच घ्या. क्रम तोच, लाल प्लसला, काळा इंजिनच्या धातूवर. सेल्फ एका वेळी पाच-सहा सेकंद, नाही झालं तर मिनिटभर थांबून परत. गाडी चालू झाली की लगेच काढायचा. आत लिथियमची बॅटरी असते, तापलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करत राहा. माझा एकदा गरजेच्या वेळी स्वतःच रिकामा निघाला होता.


लांबपल्ला

उलट जोडणीवरून आठवलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. अंधारात एकाने लाल मायनसला आणि काळा प्लसला लावला होता. मी शेजारी उभा होतो. मुख्य फ्यूज उडाला, अल्टरनेटरचे डायोड गेले आणि चिमट्याचा दात वितळून खुंटाला चिकटला. टर्मिनलवर मळ होता, प्लसचं चिन्ह दिसत नव्हतं, वायरीचा रंगही दोन्हीकडे काळाच. तेव्हापासून मी टॉर्चशिवाय बॉनेट उघडत नाही. फडक्याने पुसून प्लसचं चिन्ह डोळ्यांनी दिसलं तरच लावतो. प्लसचा खुंट मायनसपेक्षा किंचित जाड असतो, तीही एक खूण.


पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, मी प्रत्येक ओळ बाबांना वाचून दाखवली.

नवी बॅटरी बसवली. अल्टरनेटर तपासला, १४.२ दाखवतोय. डॅशकॅम रात्रभर चालू राहत होता, त्याची वायर बदलून घेतली. तांब्याचीतार यांनी सांगितल्याप्रमाणे केबलीचं हँडल सरकवून बघितलं आणि २५ ची तांब्याची केबल घेतली. काल शेजारच्या काकांना घरी बोलावलं. त्या दिवसापासून ते आमच्याशी नजर मिळवत नव्हते. बाबांनीच त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चूक तुमच्या एकट्याची नाही, मी वाकलो होतो." मग दोन्ही गाड्या बंद ठेवून आम्ही तिघांनी नुसती जोडणीची तालीम केली. प्लसचा लाल चिमटा, पलीकडचा लाल, काळा, आणि शेवटचा इंजिनच्या हुकवर. काकांनी चार वेळा केली. प्रत्येक वेळी शेवटच्या चिमट्याला ते तोंड बाजूला वळवून हात लांब करत होते.

बाबांनी त्या हुकवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका लावलाय. चिमटा बसतो ती जागा सोडून, जरा वर, म्हणजे धातू उघडाच राहील. डिकीत केबलीसोबत एक जुना चष्मा, हातमोजे, टॉर्च आणि पाण्याची मोठी बाटली ठेवलीय. ॲसिडवर पहिला उपाय पाणीच, हे आम्हाला कळून चुकलंय.

निळाई, तुम्ही एकट्या फिरता ना? तुमच्या गाडीत अर्थचा खुंट कुठे आहे ते आजच, उजेड असताना, बघून घ्या. सापडला नाही तर गाडीचं मॉडेल इथे लिहा, कुणीतरी नक्की सांगेल.


निळाई

बघितला. उजव्या बाजूला, प्लास्टिकच्या झाकणाखाली, वर मायनसचं चिन्ह आहे. टॉर्च घेऊन दोनदा बघितला.